शेजारच्या बाईंची खुशाली

मी भित्रा माणूस आहे, हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे आणि त्यावर आता कोणी चर्चाही करत नाही. इथे कॅनडात, हॅलिफॅक्सला, वादळाचा इशारा आला की बायको मेणबत्त्या शोधते, मुलगी फोन चार्जिंगला लावते आणि मी या खिडकीतून त्या खिडकीत जातो. घरात कोणीतरी घाबरायला हवंच. ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते मन लावून करतो.

पण मागच्या हिवाळ्यात मला ज्याची भीती वाटायची ते वादळ नव्हतं. ते शेजारच्या स्वयंपाकघरातलं ब्लाइंड होतं, खिडकीवरचा वर-खाली होणारा पडदा.

आमचं सिंक खिडकीपाशी आहे आणि समोर, ड्राइव्हवेच्या पलीकडे, शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी. रोज सकाळी उठल्यावर त्या ब्लाइंड वर करायच्या. ते वर गेलं म्हणजे बाई उठल्या, ठीक आहेत. नाही गेलं तर मी त्यांच्या घराची किल्ली घेऊन आत जायचं. असं आमच्यात ठरलं होतं, आणि कल्पना त्यांचीच. "मी तुझ्यावर काही ओझं टाकत नाहीये," त्या म्हणाल्या होत्या, "तू तसाही घरूनच काम करतोस आणि खिडकीपाशीच उभा असतोस."

खरं होतं ते. पण नुसतं उभं राहणं वेगळं आणि एक माणूस जिवंत आहे की नाही हे पाहायला उभं राहणं वेगळं. मी चहाचं आधण ठेवायच्या आधी समोर पाहायचो. आलं किसताना पाहायचो. दूध ओतताना पाहायचो आणि निम्म्या वेळा ते बाहेर ओतायचो. ब्लाइंड वर गेलं की आजची काळजी संपायची आणि उद्याची सुरू व्हायची. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, दॅट्स सो क्रीपी."

"अगं, त्यांनीच सांगितलंय पाहायला."

"स्टिल क्रीपी," म्हणून ती मोठ्या रस्त्यावर बस पकडायला निघून गेली.

बाई म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. इथल्या विद्यापीठात शिकवून कधीच्याच निवृत्त झालेल्या. पहिल्या भेटीतच त्यांनी मला नावाने हाक मारायला सांगितलं होतं. इथे सगळे तसंच करतात. पण माझ्या आईच्या वयाच्या बाईंना नावाने हाक मारायला माझी जीभच वळेना. मग मी तोंडावर 'प्रोफेसर' म्हणायला लागलो आणि घरात आम्ही 'बाई'. नागपूरला शाळेत आम्ही शिक्षिकेला बाईच म्हणायचो. त्यांच्यासमोर उभं राहिलं की मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं, त्यामुळे नाव अगदी बसलं.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्याने कळलं, बहुतेक वेळा आम्ही मिळून शोव्हल करताना. म्हणजे मी बर्फ उपसायचो आणि त्या दारात उभं राहून सूचना द्यायच्या. उत्तर इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या एका गावात त्यांचा जन्म. वडील बसवर कंडक्टर, आई लोकांच्या घरच्या फरशा पुसायची. शिष्यवृत्तीवर विद्यापीठात गेल्या, तेव्हा एका सभ्य गृहस्थाने सल्ला दिला की मुली, हुशार आहेस, फक्त तेवढं गावठी बोलणं सुधार.

"मग?" मी विचारलं.

"मग मी ते आणखी बिघडवलं," बाई म्हणाल्या.

त्या काळी त्यांच्या गावातली बरीच मुलं कॅनडाला निघाली होती. बाईंनी संशोधनाला तोच विषय घेतला. आधी गावातल्या आईला भेटायचं, मग समुद्र ओलांडून तिच्या मुलाला, आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे. आई सांगायची, पोराचं उत्तम चाललंय, स्वतःचं घर आहे. पोरगा कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये बॉयलरला पाठ लावून झोपत असायचा. तो सांगायचा, आई अगदी खणखणीत आहे. तिचं ऑपरेशन होऊन गेलेलं असायचं. दोन्हीकडे खोटं, आणि दोन्हीकडे मायेपोटी. याच अभ्यासावर बाईंचं नाव झालं. त्या पोरांचा माग काढत त्या हॅलिफॅक्सच्या बंदराला लागल्या, इथे नोकरी मिळाली, नौदलातला नवरा मिळाला, एक मुलगी झाली आणि परत जायचं राहून गेलं. नवरा पुढे वारला. मुलगी ओटावाला सरकारी नोकरीत.

लोकांना बोलतं करण्याची त्यांची एकच युक्ती होती आणि ती त्यांनी मलाही सांगून टाकली. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. माणसाला शांतता सोसत नाही, तो काहीतरी बोलतोच आणि बहुधा खरं बोलतो. "तुला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "शांतता दिसली की तू स्वतःच ती भरून टाकतोस."

मी लगेच, न थांबता, हे कसं खोटं आहे ते त्यांना समजावून सांगितलं.

आणि एकदा मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांची बायपास झाली ते मला टाके निघाल्यावर कळलं. तोवर मी फोन केला की आई म्हणायची, "बाबा फिरायला गेलेत." तू तिकडे एवढा लांब, तुला कशाला उगाच टेन्शन. आमच्या ओळखीत ज्यांची ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांच्याकडे ही रीतच आहे. आजारपणं बरी झाल्यावर कळवतात आणि जी बरी होत नाहीत ती शेवटी.

बाई म्हणाल्या, "बरेच लांब फिरायला गेले होते म्हणायचे."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "राग आला होता?" एवढंच विचारलं आणि थांबल्या. मग मी शोव्हल भिंतीला टेकवून एवढं बोललो, एवढं बोललो, की साफ केलेल्या ड्राइव्हवेवर पुन्हा बर्फ साठला.

बाईंची मुलगी सुट्टीला आली, तेव्हा तिने माझा नंबर घेतला. आईने ओटावाला यावं, जवळच्या वृद्धनिवासात राहावं, असं तिच्या मनात होतं आणि बाई हे घर सोडायला तयार नव्हत्या. "काही झालं तर मला सांगाल ना?" ती म्हणाली. "ती स्वतः सांगणार नाही." मी म्हटलं, अर्थातच. ज्याला स्वतःला अंधारात ठेवलं होतं, त्या माणसाइतका भरवशाचा दुसरा कोण मिळणार?

मग ती सकाळ आली. वादळ रात्री येऊन गेलं होतं. झाडं, गाड्या, कुंपण, सगळं एकाच पांढऱ्या ढिगाऱ्यात. आणि समोरचं ब्लाइंड खाली.

मी चहा केला. ब्लाइंड खाली. वाटलं, वादळानंतर लोक उशिरा उठतात. चहा प्यायलो, पुन्हा केला. फोन लावला. त्यांच्या घरात वाजणारा फोन मला भिंतींतून ऐकू येतोय असं वाटायला लागलं, जे शक्यच नव्हतं. वाजून वाजून थांबला. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, ती पहाटेच गेली होती. तिला फोन केला.

"अहो, मला काय विचारता? किल्ली तुमच्याकडे आहे."

"आत काही भलतंच दिसलं तर?"

"तर दिसेल. तुम्ही गेला नाहीत म्हणून ते तिथे नसेल का? जा, पाहून या."

गुडघाभर बर्फातून मी गेलो. दार उघडलं. आणि पुढे जे केलं ते आठवलं की मला आजही स्वतःची कमाल वाटते. आत माणूस मेलाय की जिवंत आहे ते ठाऊक नसताना मी पायरीवर बसलो, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून बाजूला जोडीने ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो. कोणाच्या घरात बुटांनी शिरायचं नसतं.

आत जळक्या धातूचा वास होता. स्वयंपाकघरात शेगडीवर किटली कोरडी पडून तिचा तळ लाल झाला होता. मी आधी शेगडी बंद केली, कारण टेबलाच्या पलीकडे पाहायची हिंमत होत नव्हती. टेबलाखालून एक पाय दिसत होता. लोकरी मोजा, त्याला टाचेशी रफू केलेलं. मी त्या रफूकडे पाहत राहिलो. मग पाय हलला.

"बूट काढलेस?" पलीकडून आवाज आला.

बाई कपाटाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा, एक मनगट सुजून दुसऱ्याच्या दुप्पट झालेलं. पडल्या होत्या आणि उठता येत नव्हतं. मी त्यांच्या अंगावर कोट टाकला, शेजारी बसलो आणि ॲम्ब्युलन्स बोलावू म्हणालो. त्यांनी चांगल्या हाताने माझी बाही धरली.

"तू घेऊन चल गाडीतून. आणि माझ्या मुलीला यातलं काही सांगायचं नाही. ती मला इथून घेऊन जाईल."

मी काही बोलायच्या आत माझ्या खिशातला फोन वाजला. मुलीचाच. बातम्यांत वादळ पाहिलं होतं, आई फोन उचलत नव्हती. आवाज आवळलेला. तो आवाज मी ओळखतो, मी स्वतः त्या आवाजात नागपूरला फोन लावलेले आहेत. मी बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत मी प्रथमच भीती पाहिली. माझ्यासारखी बारीकसारीक, बारमाही भीती नव्हे. एकच, आणि खरी.

"सगळं ठीक आहे," मी म्हणालो. "त्या आंघोळीला गेल्यात. काही काळजी करू नका."

अडखळलोसुद्धा नाही. माझी आई माझ्या तोंडातून इंग्रजी बोलत होती.

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "सराईत आहेस." आणि पुढे, "मी त्यांना कधी विचारलंच नाही, गावातल्या त्या आयांना, की खोटं बोलल्यावर रात्री झोप येते का."

मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. डॉक्टरांना बाईंनी बर्फावरून घसरले असं सांगितलं आणि मी मान डोलावली. संध्याकाळी बायकोला सगळं कळलं तेव्हा ती नुसती पोळ्या लाटत राहिली. ती पोळ्या लाटताना बोलली नाही की मी फार घाबरतो.

त्यानंतरचे काही आठवडे असेच गेले. ब्लाइंड आता रोज वेळेवर, उलट आधीपेक्षा लवकर वर जायचं. बाई माझ्यासाठी ते करतायत हे मला कळत होतं. बाईंच्या मुलीचे मेसेज यायचे, आई कशी आहे? मी लिहायचो, छान. एकदा 'छान' लिहिलं की पुढचं 'छान' लिहावंच लागतं, नाहीतर आधीच्याचं काय? फोन थरथरला की मीही थरथरायचो. आणि बाई मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायला लागल्या होत्या. तुझे वडील आता कसे आहेत? मी सांगायचो, बरे आहेत. शोव्हलचे दोन फटके होतात न होतात तोच पुन्हा, तुझे वडील आता कसे आहेत? ही त्यांची काही नवी युक्ती असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. भित्र्या माणसाला समजुती फार छान घालता येतात.

मग एका सकाळी ब्लाइंड वर गेलेलं पाहून मी निश्चिंतपणे कचरा ठेवायला बाहेर आलो. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. पायात सपाता, अंगात झग्यावर नुसता स्वेटर. वारा बंदराकडून येत होता, नाकातलं पाणी गोठवणारा. त्या रस्त्याच्या टोकाकडे पाहत होत्या.

"प्रोफेसर?"

"बस निघून गेली का?" त्यांनी विचारलं. त्यांचं बोलणं नेहमीपेक्षा जाड होतं, लहानपणीच्या त्या गिरण्यांच्या गावातलं. "बाबांची ड्युटी आहे या बसवर. ते मला तिकीट लावत नाहीत."

आमच्या रस्त्यावरून बस जात नाही.

मी त्यांना धरून आत आणलं. शेगडीपाशी बसवलं, पायांवर ब्लँकेट घातलं. माझे दात वाजत होते, त्यांचे नाही. बोटांत पुन्हा रंग आला तशा त्या हळूहळू परतल्या. आधी खोलीकडे पाहिलं, मग ओल्या सपातांकडे, मग माझ्याकडे.

"मी बाहेर होते?"

"हो."

"किती वेळ?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ब्लाइंड वर होतं, सकाळच्या उन्हात, अगदी ठरल्याप्रमाणे. इतके दिवस मी त्याच्याकडे पाहून चहा पीत होतो.

त्या दिवशी मी बायकोला सांगितलं आणि म्हटलं, "मी त्यांना शब्द दिलाय."

"आणि त्यांच्या पोरीला दिला तो काय होता?" ती म्हणाली. "बायपासच्या वेळी आईंशी किती दिवस नीट बोलत नव्हतात तुम्ही, आठवतं? माझ्याच कानाशी भुणभुण चालायची. मी काय परका आहे, मला काय सांगायला नको? आता त्या पोरीला परकं कोणी केलं?"

मी म्हटलं, "बाईंना घर सोडावं लागेल."

"सोडावं लागेल किंवा एक दिवस तुम्हाला त्या रस्त्यावर सापडतील. यातलं कशाचं भ्या वाटते ते ठरवा." रागावली की तिचं नागपूर बाहेर येतं.

मी बाईंच्या मुलीला परस्पर फोन करू शकलो असतो. तेच सोपं होतं. पण पुन्हा कोणाच्या तरी पाठीमागे काहीतरी करायचं, हे जमेना. मी बाईंकडे गेलो. त्या टेबलाशी बसल्या होत्या, हात मांडीवर. मी समोर बसलो आणि विचारलं, "तुमच्या मुलीला मी काय सांगू?"

आणि गप्प बसलो. जन्मात पहिल्यांदा. जीभ दातांखाली धरून बसलो होतो हे खरं, पण बसलो. फ्रिज घरघरत होता. बाहेर कोणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं. बाई माझ्याकडे पाहत होत्या आणि मी काय करतोय ते त्यांना पुरेपूर कळत होतं.

"जमत नाहीये तुला," त्या म्हणाल्या. "चेहरा फार हलतो तुझा."

मी तरीही बोललो नाही.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मला घराची भीती नाही वाटत. घर काय, विटा आहेत. मला ही भीती आहे की एकदा तिला सांगितलं, की ती मला काही विचारणारच नाही. माझ्याबद्दल दुसऱ्यांना विचारेल. तुला विचारते तसं." मग टेबलावरून फोन माझ्याकडे सरकवला. "माझ्यासमोर कर. स्पीकरवर."

मुलीने पहिल्याच रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं, किटली, मनगट, आंघोळीचं खोटं, सपाता, बस. सांगताना माझा एवढा गोंधळ होत होता की बाईंनीच मध्ये दोनदा तपशील दुरुस्त केला.

"मला शंका होती," ती म्हणाली. "आई मला एकच गोष्ट तासाभरात तीनदा फोन करून सांगायची. पण तुम्ही 'छान' लिहिलंत की मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. आणि बरं वाटायचं. मला ते हवंच होतं."

बाई फोनकडे वाकल्या. "तू घाबरली आहेस का?" त्यांनी मुलीला विचारलं, आणि थांबल्या.

"हो, मम्मी."

"मीही," बाई म्हणाल्या.

मुलगी मिळेल त्या विमानाने आली. पुढचं सगळं इतक्या भराभर झालं की मला नीट घाबरायलाही वेळ मिळाला नाही. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी जे नाव घ्यायचं ते घेतलं. बाई वृद्धनिवासात जायचं नाही यावर अडून राहिल्या आणि मुलीने त्यांना स्वतःच्याच घरी न्यायचं ठरवलं. जाण्याआधीचे काही दिवस त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. रागावल्या होत्या, की मी कोण ते मधूनमधून निसटत होतं, हे मी विचारलं नाही. दोन्ही उत्तरांची मला भीती वाटत होती.

बर्फ वितळल्यावर एका दुपारी ओटावाहून फोन आला. नंबर मुलीचा. नंबर पाहिल्याबरोबर मी खुर्चीत बसून घेतलं. पण आवाज बाईंचा होता, स्पष्ट, थोडा थकलेला.

"आज सकाळी उठले आणि मला कळेचना मी कुठे आहे," त्या म्हणाल्या. "खोली ओळखीची नाही, खिडकी भलत्याच बाजूला. फार घाबरले."

मी "काही काळजी करू नका" असं म्हणणार होतो, ते गिळलं. विचारलं, "मग?"

"मग मी तिला हाक मारली. सांगितलं, मला भीती वाटतेय. ती आली, पलंगावर बसली, आणि म्हणाली की तिलाही वाटते. मग आम्ही टोस्ट खाल्ला."